मदत हवी आहे: माघ वद्य द्वितीयेच्या सुमारास कोकणात तंबू कुठे ठोकावा आणि खडकांतली डबकी कधी पाहावीत?

मंडळी, नमस्कार. आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातले शेतकरी कुटुंब आहोत. तालुक्याच्या नावात दर्या असला, तरी आमचे खाऱ्या पाण्याशी नाते विहिरीपुरतेच आहे, कारण गाव पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात येते. तूर घरात आली आहे आणि हरभरा सोंगणीला यायला अवकाश आहे, तेव्हा मधल्या मोकळ्या आठवड्यात कोकणात जाऊन दोन रात्री समुद्राकाठी तंबूत राहावे आणि ओहोटीला खडकांत उरणारी पाण्याची डबकी मुलांना निवांत दाखवावीत, असा बेत आहे. मी, पत्नी, सहावीतली मुलगी, दुसरीतला मुलगा, धाकटा भाऊ आणि गुडघे दुखणारी आई, असे आम्ही सहा जण आहोत.

यापूर्वी एकदा आमची चांगलीच फजिती झालेली आहे. दोन वर्षांपूर्वी त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही दुपारी बाराच्या सुमारास किनाऱ्यावर पोचलो, तर ज्या खडकांचे फोटो पाहून मुलगी महिनाभर नाचत होती, ते सगळे पाण्याखाली होते. मुलाने एका उंच दगडावर काढून ठेवलेल्या चपलांपैकी एक आमच्या डोळ्यांदेखत तरंगत निघून गेली आणि उरलेली एक त्याने घरापर्यंत हातातून सोडली नाही. आईने मात्र ओंजळभर पाणी जिभेला लावून पाहिले आणि आपल्या विहिरीपेक्षा थोडेच जास्त खारट आहे, असा निकाल दिला.

त्यानंतर भरतीचे गणित शिकून घेतले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते आणि त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, हा किनाऱ्यावरचा हिशेब आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा, म्हणजेच आम्ही ऐन भरतीच्या वेळी तिथे उभे होतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, असल्यामुळे समुद्र सर्वांत दूर हटतो खरा, पण नेमक्या पौर्णिमेला सकाळची ओहोटी पहाटे अंधारात उरकते. अष्टमीला ती भर दुपारी येते, मात्र तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असल्याने पाणी फारसे मागे जात नाही आणि डबक्यांतले पाणीही उन्हाने तापलेले असते. त्यामुळे पौर्णिमेनंतरची वद्य द्वितीया आणि तृतीया मला योग्य वाटतात, कारण त्या दिवशी सकाळी साडेसात ते साडेआठच्या सुमारास, चांगल्या उजेडात, ओहोटी मिळायला हवी. हा हिशेब मुंबईकडचा असल्याचे ऐकले आहे, तेव्हा रत्नागिरी किंवा मालवणच्या बाजूला त्यात किती मिनिटांचा फरक धरावा, हे तिकडच्या मंडळींनी कृपया सांगावे. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला, म्हणजे अमावास्येला लागूनच येते, पण कुणकेश्वरसारख्या ठिकाणी त्या वेळी यात्रेची गर्दी असते, म्हणून ते दिवस टाळले आहेत.

खरी काळजी तंबूची आहे. ज्या तिथीला सकाळची ओहोटी सोयीची, त्याच तिथीला भरती रात्री दीड-दोन वाजता येते, म्हणजे सगळे गाढ झोपेत असताना. शिवाय सर्वांत मोठी भरती पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते, असेही वाचले आहे. वाळूवर वाळलेले शेवाळ, काटक्या आणि शिंपले यांची जी ओळ दिसते, ती आदल्या भरतीची खूण असते. पण तिच्यापासून किती पावले वर राहिले म्हणजे निर्धास्त झोपता येईल? सुरूच्या बनात तंबू ठोकू दिला जातो का, आणि परवानगी ग्रामपंचायतीकडून घ्यायची की वन खात्याकडून? नारळाखाली झोपायचे नाही, एवढे आम्हाला कळते.

डबक्यांबद्दल मुलांशी बोलणे झाले आहे. दगड उचलून पाहिला तर होता तसाच परत ठेवायचा, कारण खाली चिकटलेले जीव उन्हात मरतात. रिकामा शंखही आणायचा नाही, कारण तो एखाद्या खेकड्याचे पुढचे घर असू शकतो. निमुळत्या, नक्षीदार शंकूसारख्या शंखाला तर हातच लावायचा नाही, कारण आतला प्राणी विषारी दंश करतो. मुलगी खेकडा बाटलीत भरून आणणार होती. बाटलीतले पाणी तासाभरात तापते हे समजावल्यावर ती आता चित्रांच्या वहीवर तयार झाली आहे. समुद्रफूल (खडकाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा प्राणी) बोट न लावता मिटताना पाहता येते का, हा तिचा प्रश्न मी जसाच्या तसा इथे मांडत आहे. पायांसाठी आमच्याकडे पावसाळ्यात चिखलात वापरायचे गमबूट आहेत. शेवाळलेल्या खडकावर ते चालतील, की पाणी भरून उलट घात करतील? ओहोटी पूर्ण होण्याच्या दीड तास आधी उतरायचे आणि पाणी वळताच परत फिरायचे असे ठरवले आहे, कारण सुरुवातीला हळू चढणारे पाणी तिसऱ्या-चौथ्या तासात झपाट्याने वाढते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लोक भरतीत सापडल्याच्या बातम्या वाचल्यापासून आई या बाबतीत फार कडक झाली आहे.

त्यामुळे असे एखादे ठिकाण सुचवावे, जिथे वाळूचा किनारा आणि सपाट खडकांचा पट्टा एकमेकांना लागून असतील, आईला बाजेवर किंवा खुर्चीवर बसून मुले नजरेसमोर दिसतील आणि गोडे पाणी जवळ मिळेल. वेळणेश्वर, आंबोळगड आणि मालगुंड ही तीन नावे मनात आहेत. बडनेऱ्याहून रेल्वेचे आरक्षण याच आठवड्यात करायचे आहे, म्हणून बाकीचे सावकाश सांगितले तरी चालेल, पण उतरायचे कोणत्या स्टेशनावर, एवढे आधी कळवावे, ही विनंती.