टॉवेलच्या ऑर्डरमधल्या 'पिक'ला मराठीत काय लिहायचं?

अक्कलकोट_रोड
टॉवेलच्या ऑर्डरचा इंग्रजी कागद मराठीत उतरवायचा आहे. 'पिक' पाच ठिकाणी आलाय: हँड-पिक्ड कॉटन, ४५ पिक्स पर इंच, थ्री-पिक टेरी, ब्रोकन पिक, आणि फिनिशिंगच्या रकान्यात पिक-अप ७० टक्के. शब्दकोशात उचलणे, निवडणे, तोडणे, टोचणे, कुदळ. मागावर यातलं काहीच बसत नाही.

धोटा
बसणार नाहीच. विणकामातला पिक वेगळ्या मुळाचा, 'पिच'चा बोलीतला भाऊ. अर्थ फेकणे. धोटा (धागा वाहून नेणारी शटल) एकदा मागाच्या या पेटीतून त्या पेटीत गेला, बाण्याचा म्हणजे आडवा एक धागा पडला, तो एक पिक. म्हणूनच धोट्याला तडाखा देणारा दांडा पिकिंग स्टिक आणि धोट्याचं टोक ज्यावर आपटतं तो पिकर. आता रॅपियर मागावर (यात पट्टी किंवा दांडा धागा ओढून नेतो) धोटा नसतो, तरी शब्द तोच राहिला.

टेरी म्हणजे टॉवेलचं लूपवालं कापड; थ्री-पिक टेरी म्हणजे लूपच्या एका ओळीला तीन पिक. पहिले दोन पिक फणी (बाण्याला ठोका देणारी) विणलेल्या कापडापासून थोड्या अंतरावरच सोडते. तिसऱ्याला पूर्ण ठोका बसतो आणि तिन्ही एकत्र पुढे सरकतात. जमिनीचा (कापडाच्या पायाचा) ताणा, म्हणजे उभे धागे, ताठ असतो; लूपचा ताणा दुसऱ्या बीमवरून (ताणा गुंडाळलेला रूळ) ढिला येतो. तो ढिला धागा वर फुगतो, तोच लूप. तेव्हा ४५ पिक म्हणजे इंचाला लूपच्या १५ ओळी.

कागदावर 'पिक'च ठेवा, कंसात 'बाण्याचा धागा'. आणि ऱ्हस्वच लिहा. 'पीक' शेतात येतं.

फणी_आणि_बीम
४५ कुठे मोजायचे तेही लिहून ठेवा, वाद तिथेच होतात. मागावर कापड ताणलेलं असतं, तिथे पिक कमी भरतात. उतरवून सैल पडल्यावर कापड आकसतं आणि तेच पिक वाढतात. पिक ग्लास (धागे मोजायचं भिंग) किनारीपासून आत धरा, चार-पाच जागी मोजून सरासरी घ्या. बॉर्डरवर मोजू नका, तिथली वीण वेगळी असते.

ब्रोकन पिक: बाणा मध्येच तुटला आणि पन्ह्याच्या काही भागात धागाच नाही. टेरीत हा दोष जास्त दिसतो. माग थांबल्यावर तुटलेला पिक काढून नेमकी तीच शेड (बाणा जायची ताण्यातली फट) उघडावी लागते. तिनाच्या फेऱ्यात चूक झाली तर ठोका भलत्या पिकवर पडतो, लूप बसत नाहीत आणि आडवी पट्टी उमटते.

अक्कलकोट_रोड
पिक-अप म्हणजे माल उचलायची तारीख नाही ना?

रंगखाना
नाही. इथे तो शोषण आहे. १०० किलो सुकं कापड द्रावणातून काढून रोलरमध्ये पिळल्यावर त्यात ७० किलो द्रावण राहिलं, तर पिक-अप ७० टक्के. सॉफ्टनर लिटरला २० ग्रॅम असेल तर १०० किलो टॉवेलवर साधारण १.४ किलो चढला. रोलरचा दाब कडेला आणि मध्ये सारखा नसेल तर एकाच टॉवेलचा हात (स्पर्श) दोन जागी वेगळा लागतो. 'द्रावण शोषण ७० टक्के' लिहा, 'उचल' नको. आपल्याकडे उचल म्हटलं की कामगार आगाऊ पैसेच समजतो.

हँड-पिक्डला मात्र आपला शब्द तयार आहे: हातवेचणीचा कापूस. 'निवडलेला' लिहिलंत तर वाचणाऱ्याला प्रतवारी केलेला वाटेल.