दोन हेक्टरचा नवा ले-आउट, खाली जुनी मोरी: पावसाचं पाणी किती अडवायला लावावं?

ओढाकाठ:
दोन हेक्टर गवताळ माळावर घरांचा ले-आउट मंजुरीसाठी आला आहे. उतार ओढ्याकडे आणि ओढ्यावरची मोरी आजच मोठ्या पावसात तुंबते. विकासकाचं म्हणणं, ६०० मिमीची पाइपलाइन टाकून पाणी थेट ओढ्यात सोडू; तळं हवंच असेल तर २४० घनमीटरचं देऊ. हा आकडा ताशी ६० मिमी पाऊस अर्धा तास धरून काढलाय. तो पुरेसा आहे का? की नुसत्या शोषखड्ड्यांवर भागेल?

उतारमापी:
पाइप मोठा केला की ले-आउट कोरडा राहतो आणि मोरी बुडते. पाइप पाणी हलवतो, कमी करत नाही.

हिशोब असा: अपवाह गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा) × पावसाची तीव्रता (मिमी/तास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६०, उत्तर घनमीटर/सेकंदात. माळाचा गुणांक ०.२५ धरला तर ६० मिमीला ८३ लिटर/सेकंद. बांधकामानंतर साधारण ६० टक्के जमीन छपरं, डांबर नि फरशीखाली जाते, गुणांक ०.६५ च्या आसपास, म्हणजे २१७. फरक १३४, अर्ध्या तासाचे २४१ घनमीटर. त्यांचा आकडा इथून आलाय. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, चूक आहे ती एकच पाऊस तपासण्यात.

तीव्रता कमी पण जास्त वेळ टिकणारा पाऊस तळं अधिक भरतो. उदाहरणादाखल, तासभर ४५ मिमी: १६२ येतात, ८३ जातात, साठवण २८६ घनमीटर. दोन तास ३० मिमीने: १८०. म्हणजे इथे तासाचा पाऊस निर्णायक.

शिवाय ८३ सोडायचे कुणी ठरवलं? मोरी आजच तुंबते, तर सोडायचं पाणी मोरीच्या क्षमतेवरून ठरवा. ५० वर आणलंत तर तासाच्या पावसाला ४०५ आणि दोन तासांच्या पावसाला ४२० घनमीटर लागतात. निर्णायक कालावधीच बदलतो. तुमच्या भागाच्या पर्जन्य-तीव्रता वक्रावरून (किती वेळ टिकणारा पाऊस किती जोराचा असतो, ते दाखवणारा आलेख) १५ मिनिटांपासून सहा तासांपर्यंतचा तक्ता मागा, त्यातला सर्वात मोठा आकडा धरा.

मुरूमवाला:
शोषखड्ड्यांचं गणित लगेच उघडं पडतं. दीड बाय दीड, दोन मीटर खोल खड्डा दगडांनी भरला की पोकळी फार तर ४० टक्के, म्हणजे १.८ घनमीटर. शंभर चौरस मीटर छपरावरून ४५ मिमीच्या एका पावसात चार घनमीटर येतात. ४२० साठी सव्वादोनशेच्या वर खड्डे लागतील. छपराचं पाणी जिरवायला ते चांगले, पण तळ्याला पर्याय नव्हेत.

तेही माती बघून. खड्डा आधी भरपूर भिजवून घ्या, मग पुन्हा भरून पातळी तासाला किती उतरते ते मोजा. कोरड्या मातीवरची चाचणी खोटा दिलासा देते. चिकणमातीत तासाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर उतरत असेल तर विषय सोडून द्या. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजलपातळीच्या किमान मीटरभर वर आणि पायापासून तीन मीटर तरी लांब हवा.

आणि हे खड्डे सगळ्यात शेवटी करायचे. बांधकाम चालू असताना उघडे राहिले की सिमेंट-मातीचा राडा आत जातो, पोकळ्या बुजतात.

सांडवा:
तळ्याचं खरं दुखणं बाहेर जाणाऱ्या छिद्रात असतं. छिद्राच्या मध्यापासून वर १.२ मीटर पाणी असताना ५० लिटर/सेकंद सोडायला साधारण १५० मिमी व्यासाचं छिद्र लागतं (प्रवाहगुणांक ०.६). पण प्रवाह खोलीच्या वर्गमुळावर चालतो: पाणी ३० सेंटिमीटर असतानाही निम्मा प्रवाह सुटतो. छोटे, रोजचे पाऊस जवळजवळ न अडता निघून जातात आणि ओढ्याचे काठ तेच खातात. म्हणून दोन टप्पे करा: तळाशी लहान छिद्र, वर दुसरं, आणि कमाल प्रवाह दोन्ही मिळून मोजा. ७५ मिमीपेक्षा लहान छिद्र पालापाचोळ्याने हमखास बुजतं. पुढे तिरकी जाळी, तिचं क्षेत्र छिद्राच्या निदान दहापट.

सांडवा, म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी जाण्याची वाट, भरावावर नको, बाजूच्या मूळ जमिनीत कापा. भरावातून जाणाऱ्या पाइपच्या अंगाने पाणी झिरपतं, माती वाहून नेतं आणि बांध आतून पोखरतो. तिथे माती १५ सेंटिमीटरच्या थरांत दाबा, खालच्या बाजूला वाळूचा गाळणथर द्या.

ओढाकाठ:
सखल कोपऱ्यात १५ × ३० मीटर जागा सुटली आहे. ४५० चौरस मीटर गुणिले १.२ म्हणजे ५४०. मग ४२० बसतील ना?

उतारमापी:
नाही बसत. काठ १:३ उताराचे हवेत, नाहीतर घसरतात आणि आत पडलेलं मूल वर चढू शकत नाही. वर ३० सेंटिमीटर मोकळा काठ ठेवला की तळाशी उरतात ६ × २१ मीटर, आणि साठवण जेमतेम २९० घनमीटर. ४२० साठी वरचं माप १८ × ३३ लागेल, शिवाय गाळ काढायला यंत्र उतरेल असा तीन मीटरचा रस्ता वेगळा. हे भूखंड आखण्याआधी ठरलं तर एखाद्या प्लॉटवर भागतं, नंतर उभ्या भिंतीच्या टाकीचा खर्च.

पाणी शिरतं तिथे दगडी बांधाने वेगळा केलेला गाळकप्पा करा, एकूण साठवणीच्या दहाव्या हिश्श्याएवढा. त्यात खुणांची पट्टी रोवा. निम्मा भरला की उपसायचा. भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी तळ्याची प्रत्यक्ष मोजणी करून घ्या. बांधकामाच्या काळात साचलेला गाळ तसाच ठेवून तळं ताब्यात देतात, आणि ४२० चे कागदावरच राहतात.

सांडवा:
देखभाल कुणाची हेही मंजुरीच्या अटीत नावानिशी लिहा. 'रहिवासी संघ' एवढंच लिहिलं तर संघ स्थापन होईपर्यंतचे पावसाळे कुणाचेच नसतात.