मदत हवी आहे: लेकीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं

नमस्कार मैत्रिणींनो. आम्ही ऐरोलीला राहतो. लेक 19 वर्षांची, कॉलेज ठाण्याला, रोज ट्रान्सहार्बर लोकलने जाणंयेणं. गेल्या सहा-सात महिन्यांत तिच्या डोळ्यांखाली इतकं काळं झालंय की भेटेल तो "बरं नाही का गं?" म्हणून विचारतो. परवा मावसबहिणीच्या साखरपुड्याला यायलाच तयार नव्हती. पोटात कालवलं माझ्या.

काकडीच्या थंड चकत्या, बटाट्याचा रस, रात्री बदामाचं तेल, सगळं करून झालं. काकडीने सकाळची सूज उतरते, काळेपणा तसाच. शेजारच्या काकूंनी लिंबू सांगितलं, ते मी लावू दिलं नाही. तिथली कातडी फार पातळ असते, चुरचुरून आणखी काळी पडायची.

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.8! निदान 12 तरी हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. जोडीला मी अळिवाचे लाडू देते, पालेभाजीवर लिंबू पिळते आणि जेवणानंतर लगेचचा चहा बंद केलाय, कारण चहाने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. शिवाय तिला धुळीची ॲलर्जी आहे, सारखे डोळे चोळते. त्यानेही काळं पडतं म्हणाले डॉक्टर.

हिमोग्लोबिन वाढल्यावर कुणाची वर्तुळं फिकी झाली का? किती महिने लागले? आणि ही चोळायची सवय कशी मोडलीत? महागडी क्रीम नकोत, स्वतः करून पाहिलेलंच सांगा. लेकही उत्तरं वाचणार आहे.