अंगठ्याला कडू लावणं बंद करा

घोडबंदरवाले: अंगठा चोखणाऱ्या मुलाला मिरची, कडुनिंब नाहीतर कारल्याचा रस लावणं ही शिक्षा आहे, उपाय नाही. मिरचीचा हात डोळ्यात जातो, मूल रडतं आणि शांत व्हायला पुन्हा अंगठाच शोधतं. बहुतेक मुलं २ ते ४ वर्षांच्या वयात आपणहून सोडतात. तोवर टोकू नका. नंतर आठवडाभर वहीत टिपा: किती वाजता, कुठे, दुसऱ्या हातात काय होतं. पाळणाघरातून आल्यावर, टीव्हीसमोर, झोपताना, अशा वेळा सापडतातच. टीव्हीच्या वेळी मटार सोलायला द्या, नाहीतर कणकेचा गोळा. अनेक मुलांच्या हातात गोधडीचं टोक आलं की अंगठा तोंडात जातो. अशा वेळी आधी ती गोधडी बाजूला करा.

नेरूळ_बालदंत: "तोवर टोकू नका" हे पटलं नाही. नुसतं वय बघू नका, जोर आणि तास बघा. अंगठा तोंडात नुसता ठेवणं वेगळं आणि गाल आत ओढून चपचप चोखणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात वरचे पुढचे दात बाहेर येतात, खालचे आत जातात. जीभ खाली राहते, गाल दोन्हीकडून दाबतात, वरचा जबडा अरुंद होतो. मुलाला मागच्या दाढा मिटायला सांगा. पुढे फट दिसते का? सवय लवकर सुटली तर ती बऱ्याचदा भरते. दाढांचा उलटा चावा, म्हणजे वरच्या दाढा खालच्यांच्या आत मिटणं, मात्र सहसा आपोआप जात नाही. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या अकादमीचा सल्लाही सवय ३ वर्षांच्या वयापर्यंत सुटलेली असावी, त्यासाठी मदत करा असाच आहे.

ऐरोलीची_आजी: कडू म्हणजे शिक्षाच, असं सरसकट कसं म्हणता? मूल ४-५ वर्षांचं असेल आणि स्वतः "लाव" म्हणत असेल, तर ती आठवण असते. दुकानात नखांना लावायचं कडू औषध मिळतं, डेनाटोनियमचं. चूक होते ती वेळेत. सकाळी लावतात, मग मूल त्याच हाताने वरणभात खातं, जेवण कडू होतं आणि मूल जेवायलाच कुरकुरतं. रात्रीच्या जेवणानंतर हात पुसून फक्त नख आणि कडेच्या कातडीला लावा, पूर्ण वाळू द्या, सकाळी साबणाने धुवा. चोखून कातडी फाटली असेल किंवा नखुरडं झालं असेल तर अजिबात नको.

घोडबंदरवाले: आजी, मुलाने स्वतः मागितलं तर माझी हरकत नाही. पण झोपेत त्याला चव कळेपर्यंत अंगठा आत गेलेला असतो. रात्रीसाठी जुना सुती सदरा घ्या, बाह्या चार बोटं लांब ठेवून टोकं शिवून टाका. कोपर सहज वाकू नये म्हणून क्रेप बँडेज सैल गुंडाळतात, तेही चालतं, पण दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. हात गार किंवा निळसर दिसला तर लगेच सोडा. आपल्याकडच्या मे-जूनच्या दमटपणात त्याखाली घामोळं येतं, म्हणून मला सदराच बरा वाटतो.

कोपरखैरणे_७: एवढा खटाटोप कशाला? अंगठा अडवणारी तारेची जाळी टाळूला बसवा, विषय संपला.

नेरूळ_बालदंत: ४ वर्षांच्या मुलाला? नको. जाळी दाढांच्या पट्ट्यांना जोडलेली असते आणि साधारण सहा महिने ठेवावी लागते. सुरुवातीला बोलणं बोबडं होतं, पोहे-शेव अडकतात, घासण्याचं काम वाढतं. जबरदस्तीने बसवली तर मुलं बोट घालून ती वाकवतात. बाकी उपाय करूनही सवय टिकली, कायमचे पुढचे दात येऊ लागले आणि मूल स्वतः तयार असेल, तरच ती घ्या. नेरूळ, बेलापूर, कामोठे, खारघरला दंत महाविद्यालयं आहेत. आधी तिथल्या बालदंत विभागात चावा तपासून घ्या.

ऐरोलीची_आजी: आणि अंगठा न चोखल्याबद्दल बक्षीस म्हणून चांदणी द्यायची तर पूर्ण दिवसासाठी नको. "जेवणापासून झोपेपर्यंत" एवढ्याच वेळेची द्या. दिवसभराची अट घातली की सकाळीच मोडते आणि उरलेला दिवस अंगठा तोंडातच राहतो. जूनमध्ये नवी शाळा सुरू होताना तर हे सुरूच करू नका, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबा.

नेरूळ_बालदंत: दाढांचा उलटा चावा दिसत असेल तर दिवाळीपर्यंत थांबायला माझा विरोध आहे.