क्रीम सॉसमधलं चिकन नॉनस्टिकमध्ये करावं का?

खमंग: एकाच पॅनमधलं हर्ब-क्रीम चिकन (सुगंधी पानं घातलेल्या क्रीममधलं), 'वीस मिनिटांत तयार', अशा रेसिपी असतात, आणि पॅन बहुतेक वेळा नॉनस्टिक. माझ्या मते सॉसची अर्धी चव तिथेच जाते. स्टीलच्या किंवा बिडाच्या पॅनमध्ये चिकन परतलं की तळाला तपकिरी खरवड धरते. थोडा स्टॉक (चिकन उकळलेलं पाणी) ओतून ती उलथन्याने सोडवली की झाला सॉसचा पाया. नॉनस्टिकमध्ये खरवड धरते ती नावापुरती. मग उरतं पांढरं, मिळमिळीत क्रीम आणि त्यात तरंगणारी पानं.

उतावळा: साफ असहमत. दिवसभर राबून आल्यावर स्टीलला चिकटलेलं चिकन कोण उचकटत बसणार? रंग नॉनस्टिकमध्येही येतो, फक्त तुकडे टिपून कोरडे करा आणि पॅनमध्ये गर्दी करू नका. ओलं चिकन कुठल्याही पॅनमध्ये आधी वाफेवरच शिजणार.

खमंग: चिकनला रंग येतो, मान्य. मी पॅनच्या तळाबद्दल बोलतोय. आणि चिकटतं ते घाईमुळे. पॅन नीट तापू द्या, तुकडा सारखा हलवू नका. खालून भाजला की आपणहून सुटतो.

मिरपूड: तुम्ही पॅनवरून भांडताय, पण चिकन कोरडं होतं ते ब्रेस्टमुळे, म्हणजे छातीच्या तुकड्यामुळे. एक टोक जाड, एक पातळ. जाड भाग आतून ७४ अंश सेल्सियसला पोचेपर्यंत पातळ टोकाचा चोथा होतो. आडवं चिरून दोन सारखे काप करा, नाहीतर सरळ थाय (मांडी) घ्या. ती ८० अंशांपलीकडे गेली तरी मऊ राहते. आणि 'भाजल्याने रस आत कोंडतो' हे आता कोणी लिहू नका. भाजायचं ते चवीसाठी.

उतावळा: थाय घेतल्यावर वीस मिनिटं राहिली का?

मिरपूड: बिनहाडाची घ्या, राहतात.

नवशिकी: माझं क्रीम दरवेळी फाटतं, ते कुणीतरी सांगा!

खमंग: क्रीम हलकं असणार. ३५ टक्के फॅटचं क्रीम उकळी सोसतं. हलक्यात लिंबू पडलं आणि आच मोठी राहिली की फाटतं. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. पार्सली, बेझिलही तेव्हाच. थाइम मात्र आधीपासून शिजू द्या.

उतावळा: स्टॉकबरोबर व्हाइट वाइन घालणारेही असतात. आंबट रस बिडाच्या पॅनमध्ये उकळला तर लोखंडाची चव उतरते, हे नाही बोललात!

खमंग: बरं, बीड बाद. स्टील सोडणार नाही.