मदत हवी आहे : सीसीआयचा (भारतीय कापूस महामंडळाचा) पर्याय काहींना खुलाच नसेल, तर निवडीचे प्रतिमान (मॉडेल) कसे मांडावे?

जळगाव जिल्ह्यातील शेतकरी कापूस खेडा खरेदीदाराला (गावातच माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला), जिनिंगला (सरकी काढणाऱ्या कारखान्याला) की सीसीआय केंद्राला देतात, याचे विश्लेषण मी मल्टिनोमियल लॉजिटने (अनेक पर्यायांतील प्रत्येक निवडीची संभाव्यता काढणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने) करीत आहे. 12 टक्क्यांहून अधिक ओलाव्याचा कापूस सीसीआय घेत नाही, म्हणजे काहींपुढे तो पर्याय नव्हताच. परंतु ओलाव्याची नोंद केंद्रावर गेलेल्यांचीच आहे, कारण खेडा खरेदीदार मूठभर कापूस दाबून पाहतो आणि भाव सांगून मोकळा होतो. तिन्ही पर्याय सर्वांना खुले मानल्यास भावाचा सहगुणक ऋण येतो, म्हणजे भाव जास्त तिथे विक्रीची शक्यता कमी, जे पटण्यासारखे नाही; मिळतेजुळते पर्याय गटांत बांधणाऱ्या नेस्टेड लॉजिटनेही चिन्ह बदलले नाही. प्रत्येकाची एकच निवड नोंदलेली असून पुन्हा सर्वेक्षण शक्य नाही, वेचणीची तारीख मात्र सर्वांची आहे. तिच्या आधारे पर्याय उपलब्ध असण्याची संभाव्यता मॅन्स्की यांच्या द्विस्तरीय पद्धतीने (आधी कोणते पर्याय खुले होते याची संभाव्यता, मग त्यांतील निवडीची) प्रतिमानात घ्यावी, की दिवाळीपूर्वीची ओलसर मालाची विक्री वगळून उरलेल्या नोंदींवरच अनुमान काढणे अधिक सुरक्षित ठरेल?