अनुभव धागा: चर्चमधले बदल आणि आपल्या हातात आलेली कामं

संयोजक
कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली. लॅटिन जाऊन मराठी आली, फादरांचं तोंड लोकांकडे झालं आणि पूर्वी फक्त धर्मगुरूंची असलेली बरीच कामं प्रापंचिकांकडे, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या भाविकांकडे, आली. बदल चांगले की वाईट, हा वाद इथे नको. तुमच्याकडे आलेलं काम कसं करायचं आणि कुठे फसतं, ते लिहा. वसई, मुंबई, गोवा, कुठलेही असा.

वाचनमंच
रविवारच्या मिस्सेतली (उपासनेतली) बायबलची वाचनं अ, ब, क अशा तीन वर्षांच्या चक्रात फिरतात: अ वर्षी मत्तयचं शुभवर्तमान, ब मार्क, क लूक. योहान मुख्यतः ईस्टरकाळात. चक्र १ जानेवारीला नाही, आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारी बदलतं, आणि नेमकं त्याच सकाळी मागच्या वर्षाचं पुस्तक मंचावर उघडलेलं असतं. हिशेब सोपा आहे. ज्या सनाला तीनने पूर्ण भाग जातो ते क वर्ष. आगमनकाळ पुढच्या सनात धरायचा.

पुस्तकातलं लाल अक्षरांतलं काहीही मोठ्याने वाचू नका, त्या सूचना असतात. 'पहिले वाचन' हेसुद्धा नाही. थेट कोणत्या पुस्तकातून ते सांगा. वाचन संपलं की हा देवाचा शब्द असं सांगणाऱ्या शेवटच्या घोषणेआधी एक श्वास थांबा, नाहीतर ती घोषणा यशया संदेष्ट्याच्याच तोंडची वाटते. वाचकपदाची रीतसर नेमणूक २०२१पासून स्त्रियांनाही खुली झाली. बायका त्याआधी कितीतरी वर्षं वाचत होत्याच. कायदा मागून आला.

कम्युनियन सेवा
प्रापंचिकांनी कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर आणि द्राक्षारस) द्यायची परवानगी १९७३ची. होस्ट (पवित्र भाकरीची पातळ चकती) हातावर घेणाऱ्यांना एवढंच सांगा: डावा तळहात वर, उजवा खाली, 'आमेन' आधी, मग उजव्या हाताने उचलून तिथेच मुखात. होस्ट हातात धरून बाकाकडे चालू लागणारे दर रविवारी निघतात, विशेषतः लग्नाच्या मिस्सेला. आपण होस्ट घेऊन चषकात बुडवायचा नाही, ते देणाऱ्याचं काम.

होस्ट पडला तर गर्दी थांबली तरी चालेल, आधी तो उचला. द्राक्षारस सांडला तर जागा पाण्याने धुवा. ते पाणी सक्रिस्तीतल्या (वेदीलगतच्या तयारीच्या खोलीतल्या), थेट जमिनीत मुरणाऱ्या कुंडीत ओता, साध्या बेसिनमध्ये नाही. चषक आणि ताटली शुद्ध करणं मात्र आपलं काम नाही. ते धर्मगुरू, डीकन (धर्मगुरूच्या खालचा दीक्षित सेवक) किंवा रीतसर नेमलेला वेदीसेवक करतो. सेवक उत्साहाने फडकं घेऊन पुढे होतात, त्यांना हळूच मागे घ्यावं लागतं.

आजाऱ्याच्या घरी कम्युनियन घेऊन जाताना चर्चमधून थेट जायचं, वाटेत भाजी नाही की गप्पा नाहीत. घरच्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा: टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पेलाभर पाणी. घास गिळत नसेल तर होस्टचा अगदी छोटा तुकडा द्या आणि लगेच पाणी. कम्युनियनआधीच्या एक तासाच्या उपवासाची अट आजारी, वृद्ध आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना नाही. हे माहीत नसल्यामुळे मधुमेहाच्या आजीबाई उगाच चहा-नाश्त्याशिवाय बसून राहतात.

पेटीवाला
मराठी गायन आलं, पेटी-तबला आला, आणि पट्टीची चूकही आली. कॉयर आपल्या गळ्याला सोयीची पट्टी धरते आणि बाकांवरचे दुसऱ्या ओळीला गप्प होतात. काळी एक धरा आणि तार षड्जापलीकडे जाणारी चाल निवडू नका.

पहिल्या वाचनानंतरच्या प्रतिसाद स्तोत्राच्या जागी दुसरं गाणं चालत नाही, कितीही गोड असलं तरी. आगमनकाळ आणि उपवासकाळातल्या (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतल्या) रविवारी गौरवगीत नाही. उपवासकाळात आलेलुयाही नाही. त्या काळात वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून, मधले तुकडे नकोत. उपवासकाळाचा चौथा रविवार आणि मोठे सण एवढाच अपवाद.

दफनभूमी समिती
दहनाला १९६३पासून मुभा आहे, तरी प्रत्येक वेळी तोच प्रश्न येतो. शक्यतो देह आधी चर्चमध्ये आणा, मिस्सा करा, मग दहन. अस्थी दफनभूमीत किंवा चर्चने ठरवलेल्या पवित्र जागी ठेवायच्या. व्हॅटिकनच्या २०१६च्या सूचनेनुसार खाडीत, समुद्रात विसर्जन नाही आणि घरच्या कपाटातही नाही. २०२३ साली एवढं सैल झालं की घरच्यांना जिव्हाळ्याच्या जागी थोडासा अंश ठेवायची परवानगी चर्चचे अधिकारी देऊ शकतात. म्हणून दहन ठरवण्याआधी अस्थींची जागा ठरवा. भावंडांची भांडणं तिथेच होतात.

न्यायालयाचा उंबरठा
चर्चच्या न्यायालयात विवाह शून्य (मुळातच झाला नाही असा) ठरवण्याची प्रक्रिया २०१५मध्ये हलकी झाली. पूर्वी दोन निकाल जुळावे लागत, आता एक पुरतो. फार उघड प्रकरणात बिशप स्वतः लहान प्रक्रियेने निकाल देतात. पण तो निकाल सरकारदरबारी चालत नाही, कोर्टाचा घटस्फोट वेगळा घ्यावा लागतो. तो न घेता दुसऱ्या लग्नाची तारीख ठरवणारे भेटतात!

कौन्सिलवाला
चर्चच्या १९८३च्या कायद्यानुसार धर्मग्रामाची (पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या परिसराची) अर्थसमिती सक्तीची आहे, पॅरिश कौन्सिल (सल्लागार मंडळ) सक्तीचं नाही. आणि कौन्सिलचं मत फक्त सल्ल्यापुरतं. २०२४च्या सिनडच्या (रोममधल्या बिशपांच्या सभेच्या) अंतिम दस्तऐवजाने कौन्सिलही सक्तीचं व्हावं असा आग्रह धरलाय. माझ्या मते सगळ्या बदलांत हाच सर्वांत मोलाचा, आणि अजून कागदावर. तोवर एवढं करा: बैठकीची विषयपत्रिका आठ दिवस आधी लेखी मागा, मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचूनच सुरुवात करा, आणि सल्ला मानला गेला नाही तर कारण इतिवृत्तात लिहून घ्या.